मी सांगितलेला आरसेमहाल

आठवीत शाळा सोडली, पुढं परभणीकडून इकडं आलो आणि पुण्याजवळच्या कासार आंबोलीतल्या एका बंगल्यावर गाडी चालवायला लागलो. सुट्टीला तिथं पाहुणे उतरतात. त्यांना पुणं दाखवून आणायचं, हे माझं काम. मालकांनी काम दिलं, राहायला खोली दिली, ते मी विसरत नाही. पण पुणं दाखवायचं म्हणजे दारात उतरवायचं आणि गाडीपाशी थांबायचं. पर्वतीच्या पायऱ्या कुठून सुरू होतात ते मला माहीत, वर काय आहे ते नाही. विद्यापीठाची जुनी इमारत मी झाडांमधूनच पाहिलेली.

आईला हे कधी बोललो नाही. शाळा सुटल्याचं तिच्या मनात अजून आहे. म्हणून फोनवर मी तिला पुणं सांगायचो, म्हणजे पाहुणे मागच्या सीटवर मोबाईलमधून वाचत जे बोलायचे तेच. शनिवारवाड्यात आरसेमहाल आहे, झुंबरं आहेत. ती गावभर सांगायची, "माझ्या लेकराला पुणं तोंडपाठ हाय."

दिवाळीनंतर ती आली आणि म्हणाली, आरसेमहाल बघायचा. मालकांनी दिवसभरासाठी गाडी दिली. शेजारच्या काकूंनी भाकऱ्या बांधून दिल्या, वर म्हणाल्या, "लवकर निघा रं, न्हाईतर भूगावातच दुपार व्हईल."

लवकर निघालो तरी तेच झालं. भूगावच्या कोंडीत तासभर गाडी हलेना. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो.

"तुझं रोजचंच हाय की हे," आई म्हणाली. "मग एवढा का तापतूस?"

मला पुढची धास्ती होती.

वाड्यापाशी तिकिटाची खिडकी सापडेना, रखवालदाराला विचारावं लागलं. आई बघतच राहिली. "एवढ्यांदा आलास न् खिडकी ठावं न्हाई?"

"जागा बदलली," मी म्हणालो.

दरवाज्याच्या खिळ्यांना तिनं हात लावून पाहिला. आत गेलो तर हिरवळ, दगडी जोती आणि कोरडं कारंजं. मला वाटलं, महाल मागच्या बाजूला असेल. उन्हात दोन फेऱ्या मारल्या. आई मागं पडली तर तिच्यावरच चिडलो. शेवटी कॉलेजच्या एका मुलीला विचारलं, "ताई, आरसेमहाल कुठं?"

"दादा, तो कधीच जळाला. या जोत्यांपैकीच कुठलं तरी असेल."

आई जोत्यावर बसली. भाकरी सोडली, तर रखवालदारानं शिट्टी मारली. तिनं फडकं परत बांधलं.

"पाहुणे आत यायचे तवा तू कुटं असायचास?"

मी तिला नदीकाठच्या वाहनतळावर नेलं. तिथलं करंजाचं झाड दाखवलं, बुंध्याचा दगड दाखवला. चहावाला ओरडला, "काय ड्रायव्हर, आज झाडापाशीच पाहुणे?"

"आई हाय माझी."

ती माझ्या दगडावर बसली. गाड्या बघितल्या, नदीचं काळं पाणी बघितलं, वर पानांकडं बघितलं. वाड्यात बघितलं त्याहून जास्त वेळ.

"दिवसभर हितंच?"

"हितंच."

"मग हेच सांगायचं हुतंस की रं." भाकरी मोडून तिनं माझ्या हातात दिली. दोन घास झाले नाहीत तोच वाहनतळवाल्यानं बॉनेटवर थाप मारली, गाडी काढा.

आता फोनवर ती आरसेमहालाचं काढत नाही. "आज सावली हुती का?" एवढंच विचारते. आणि माझ्या मनाला तेच जास्त लागतं.