अडीच किलोचा सुळका

डॉ. श्रीधर आठल्ये डॉक्टर आहेत, पण गेल्या बावीस वर्षांत त्यांनी कुणाची नाडी पाहिलेली नाही. आरोग्य खात्यात ते अधिकारी, मी त्यांच्या हाताखाली डेटा एंट्रीला. परतूरच्या शाळेतून गणितात पस्तीस मार्क घेऊन आलेल्या मला संख्याशास्त्राचा छंद असलेला साहेब मिळावा, हा आमच्या मास्तरांचा शाप असणार. रविवारी लोक खडकवासल्याला कणसं खायला जातात. सर घरी बसून आलेख काढतात. त्यांच्या पत्नी, वासंतीकाकू म्हणतात, "दुसऱ्या कुणाच्या नादी लागले नाहीत, आकड्यांच्याच लागले."

एका सोमवारी त्यांनी मला एक आलेख दाखवला. मांजरी गावाच्या बाजूच्या एका प्रसूतिगृहातल्या बाळांची सहा महिन्यांची वजनं. बरोबर अडीच किलोवर सुळका आणि त्याच्या अलीकडे सपाट मैदान.

"काय दिसतं?"

"सगळी बाळं गुटगुटीत आहेत, सर."

"परतूरला डोंगर नाहीत वाटतं. शंभू, डोंगर असा एका बाजूनं कापलेला असतो का?"

अडीचच्या खाली नोंद झाली, की आरोग्यसेविका त्या बाळाच्या घरी फेऱ्या घालते. नोंदच नाही तर फेरीही नाही. म्हणजे कुठल्या कुठल्या खोल्यांत अशक्त बाळं होती आणि त्यांना बघायला कुणी जात नव्हतं. सरांनी माझ्याकडून नोटीस टाइप करून घेतली, नोंदी ठेवणाऱ्या विजयमाला सिस्टरांच्या नावे. सिस्टरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

नोटीस खिशात घालून सर स्वतःच निघाले, माझ्या मागे स्कूटरवर बसून.

आम्ही पोचलो तेव्हा रुपाली नावाच्या बाळंतिणीची मुलगी काट्यावर होती. दोन किलो दोनशे. आम्हाला न ओळखणाऱ्या सिस्टरांनी आमच्यासमोरच रजिस्टरात अडीच लिहिलं.

"अहो बाई, तीनशे ग्रॅम तुमच्या पदरचे का?"

सरांचं ओळखपत्र पाहून त्यांचा चेहरा उतरला. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, बाहेर सासू बसलीय. कार्डावर आकडा कमी दिसला की पोरीला ऐकवतात, पोटात वाढवता आलं नाही म्हणून. धड जेवू देत नाहीत. अडीच म्हटलं की पेढे वाटतात."

"आणि बाळांचं काय?"

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. एकतीस नावं, पत्ते, खरी वजनं. बारा नावांपुढे बरोबरची खूण. "रविवारी जाऊन बघून येते. सगळीकडे नाही हो पुरत."

सरांनी खिशातली नोटीस काढली, उलटी केली आणि राहिलेली एकोणीस नावं कोऱ्या बाजूवर उतरवून घेतली. "आज दुपारपासून सेविका जातील. तुम्ही खरं लिहा. सासूचं मी बघतो."

बाहेर रुपालीच्या सासूबाई, विमलाबाई, बाकावर बसल्या होत्या.

"आजी, अभिनंदन! नात झाली. दोन किलो दोनशे."

"एवढुशी?"

"मी पावणेदोन किलोचा होतो. आजीनं माझ्या आईला महिनाभर डिंकाचे लाडू खाऊ घातले. आता बघा, शर्टाची बटणं लागत नाहीत."

विमलाबाईंनी पुरावा नीट न्याहाळला. "डिंकाचेच का?" त्यांनी विचारलं.

परतताना मी स्कूटर चालवता चालवता म्हणालो, "सर, तुम्ही खरंच पावणेदोन किलोचे होतात?"

"आमच्या घरी काटा नव्हता."

"मग हा आकडा?"

"एकच नोंद आहे," सर मागून म्हणाले. "आलेखात धरू नका."