अंतऱ्यातल्या दोन मात्रा

गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात मी अकरा वर्षं काढली. तिथली धूळ एकदा छातीत बसली की उतरत नाही. असल्या माणसानं गाणं शिकायला जावं, याचं आमच्या खात्यात सगळ्यांना हसू यायचं. मी कुणाचं ऐकणारा नव्हतो.

गुरुजी करमाळ्याकडचे. सोलापुरात शाळेत गाणं शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी आम्हां चौघा-पाचजणांना. त्यांचा खरा जीव मात्र नव्या बंदिशी बांधण्यात होता. गावातल्या जाणकारांना, म्हणजे वकीलमंडळींना, हे रुचत नसे. एका वकिलांनी तर भर बैठकीत विचारलं होतं, "मास्तर, बंदिशी म्हणजे काय पापड आहेत, घरी लाटायला? घराण्यातली एखादी जुनी असेल तर ऐकवा." गुरुजी नुसते हसले. पण त्या दिवसापासून आपली चीज बाहेर गाताना 'ही माझी' म्हणायचं त्यांनी सोडलं. मला वकिलाचा राग आला, आणि खरं सांगायचं तर गुरुजींचाही आला.

माझ्यासाठी त्यांनी भीमपलासात एक चीज बांधली. अंतऱ्यात वरच्या षड्जावर पोचलो की माझा श्वास संपायचा. महिनाभर झटापट केली आणि शेवटी मी हात टेकले.

"गुरुजी, हितं दम पुरत न्हाय. माझा नाद सोडा."

"पुरत नाही तर थांब की. मी जागा करून देतो."

त्यांनी षड्जानंतर दोन मात्रा रिकाम्या सोडल्या आणि पुढचा शब्द असा वळवला की तो अलगद समेवर यावा. त्या दोन मात्रांत मी श्वास घ्यायचो. ऐकणाऱ्याला वाटे, गाणाराच मुद्दाम थबकलाय.

पुढे हैदराबादेला निघालेले एक नामांकित खाँसाहेब वाटेत सोलापुरात उतरले. रविवारी दुपारी त्याच वकिलांच्या माडीवर बैठक ठरली. मोठ्या गवयाआधी गावातल्या शागिर्दांनी थोडं गायचं, असा रिवाज होता. गुरुजींनी मला पुढं बसवलं. मी तीच चीज गायला घेतली. अंतऱ्यात षड्ज लावला, थांबलो, सम गाठली. खाँसाहेबांनी हात वर करून मला थांबवलं.

"ये ठहराव तो हमारे बुजुर्गों का है. ये चीज हमारे घर की है. कहाँ से उठाई?"

वकिलांना आयतंच सापडलं. "तरीच म्हटलं, मास्तरांकडे इतकी चांगली चीज आली कुठून."

गुरुजी खाली बघत राहिले. उभ्या जन्मात कुणाचं काही न उचललेला माणूस सगळ्यांदेखत चोर ठरत होता, आणि 'माझी' एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. माझं डोकं फिरलं.

"खाँसाहेब, ती जागा कुणाच्या घरची न्हाय. माझ्या छातीची हाय. मला दम पुरंना म्हणून गुरुजींनी करून दिली."

खाँसाहेबांनी मला नीट न्याहाळलं. "फिर गाओ. बिना रुके."

मी गायलो. षड्जावर न थांबता पुढं गेलो आणि शब्दाच्या मधेच मोडलो. खोकल्याची अशी उबळ आली की तबलजी एकटाच समेवर पोचला. एवढ्या लोकांत आवाज फुटला, पण मला तिळमात्र लाज वाटली नाही. पुरावा यापेक्षा चोख काय द्यायचा?

खाँसाहेब गुरुजींकडे वळले. "पंडितजी, ये चीज आपकी?"

"माझी," गुरुजी म्हणाले. मग मान वर करून वकिलांकडे बघत पुन्हा म्हणाले, "माझीच आहे."

"सिखाओगे?"

गुरुजींनी तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांना ती शिकवली. खाँसाहेबांनी दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा सोबत म्हटली. मग गुरुजींचं नाव घेऊन, ही यांची बंदिश, असं सांगून गायला सुरुवात केली. वकीलसाहेब पहिल्या आवर्तनापासून 'वाहवा' म्हणायला लागले. आनंदानं मला रडू येत होतं.

खाँसाहेबांचा दम असा की अख्खा अंतरा एका श्वासात दोनदा व्हावा. ते षड्जावर पोचले आणि थांबले. पुरत्या दोन मात्रा. मी सवयीनं श्वास घेतला.