अर्थिंगला तांब्याभर पाणी

विजेला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, न भिणारी तर त्याहून पुष्कळ; पण नव्या जावयासारखी विजेची बडदास्त ठेवणारा माणूस आमच्या सोलापूरच्या घरमालकांशिवाय त्रिभुवनात दुसरा झाला नसेल. लग्न होऊन मी त्यांच्या माडीवर राहायला आले तेव्हा ते साठीला टेकले होते. बाजारात चादरींचं दुकान, बोलण्यात मराठी-कानडीची मिसळ, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि त्या सदऱ्याच्या खिशात बऱ्याचदा आमच्या घराचा फ्यूज!

फ्यूजचं आधी सांगते. मालकांकडे स्टिरिओ होता. म्हणजे एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड-प्लेअर आणि लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर. मुंबईहून आणताना अँप्लिफायर तीन चादरींत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला होता आणि कुर्डुवाडीला चहासुद्धा प्यायले नव्हते, सांडला तर काय घ्या! त्याच्या एखाद्या तारेला हात लावायचा झाला तरी आधी मेन स्विच बंद करायचे आणि मग फ्यूज काढून खिशात टाकायचे. म्हणायचे, "स्विच काय ओ, कुणीबी लावतंय. फ्यूज खिशात असला की माणूस जित्ता राहतो." एकदा तो खिशातला फ्यूज घेऊन स्वारी तशीच दुकानात गेली. नेमके त्याच दिवशी माझे सासू-सासरे पहिल्यांदा आमच्याकडे आलेले. अंधारात मी आमटी कुठली आणि ताक कुठलं हे वासावर ओळखून वाढत होते आणि आमचे हे सायकल हाणत बाजारात गेले होते. मालकांनी फ्यूज दिला, पण देताना बजावलं, "लावताना पायात चपला हाय का बघा."

चपलांचा तर त्या घरात उफराटाच कायदा. बाहेरच्या चपला दाराशी काढायच्या, आणि अँप्लिफायरच्या खोलीत शिरताना उंबऱ्यावर ठेवलेल्या रबरी चपला घालायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जरीच्या लुगड्याखाली मालकांच्या भल्यामोठ्या निळ्या स्लिपरा फटफटवत आत जायच्या आणि पाया पडताना एकमेकींच्या चपला बघून खुदखुदायच्या. तारा जोडताना मालकांना साक्षीदार लागायचा. हा मान बहुतेक माझ्याकडे येई. मला कोरड्या पाटावर उभं करून ते विचारायचे, "लाल?" मी म्हणायचे, "लालला." "काळी?" "काळीला." "आवाजाचं बटण?" "शून्यावर." "तुमचा हात?" "पाठीमागं." लग्नात भटजींनीसुद्धा माझ्याकडून एवढं वदवून घेतलं नव्हतं! आणि उन्हाळ्यात घरातला एकुलता एक टेबलफॅन कुणाकडे? अँप्लिफायरकडे. आम्ही सगळे निथळतोय आणि मालक म्हणतायत, "आपल्याला घाम तरी येतो ओ. त्याला बिचाऱ्याला तेबी न्हाई."

पण हा सगळा खटाटोप स्वतःसाठी नव्हता, बरं का. मालकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाण्याचं वेड होतं ते त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना. आणि अक्कांचे कान जात चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू जाणार आणि इलाज नाही. रेडिओतलं गाणं अक्कांना नुसतं खरखरल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा मालक उठून मुंबईला गेले. "हाय तवर मन भरून ऐकू दे की तिला," एवढंच ते म्हणाले होते. दोन खोकी आणि अक्कांची खुर्ची यांत सुतळी धरून सारखं अंतर मोजलेलं होतं. त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही, खोक्यांची तोंडंही तिथून हलवायची नाहीत. आम्ही ऐकायचं ते बाजूच्या भिंतीला टेकून, पदरात पडेल तेवढं. अक्का डोळे मिटून मांडीवर ताल धरायच्या. कन्नड वचनं, म्हणजे शिवभक्तीची पदं, लागली की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की मालकांचे सगळे गुन्हे मी जागच्या जागी माफ करायचे.

सगळ्यात मोठं प्रकरण अर्थिंगचं. अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून त्यांनी एक नळी पुरली होती आणि तिच्या तोंडाशी रोज पाणी घालायचे. "जमीन वलसर पाहिजे. कोरडी पडली तर बिघडलेली वीज जाणार कुटं? तुमच्या आंगातनं जाणार की!" पहाटे अंघोळ करून, ओलेत्यानं, हातात तांब्या घेऊन आणि तोंडानं "लाल लालला, काळी काळीला" असं पुटपुटत ते त्या नळीवर धार धरायचे. सिद्धेश्वराच्या गावात असं दृश्य पाहून लोकांनी दुसरं काय समजावं? एके दिवशी नळीवर कुणीतरी बेलाचं पान वाहिलं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आलं. मी हसून हसून बेजार, पण मालक गंभीर. म्हणाले, "वाहू दे की. फक्त पाणीबी घाला म्हणावं."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचे हे पाटबंधारे खात्यात, म्हणजे साऱ्या जिल्ह्याचं पाणी कागदावर आमच्याच घरी, आणि नळाला टिपूस नाही! हंड्यासाठी बायकांची भांडणं जुंपायला लागली. एका सकाळी मालकांनी तांब्या पालथा घातला आणि स्टिरिओचा प्लग काढून ठेवला. "जमीन कोरडी हाय. बंद."

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला अक्का खुर्चीत येऊन नुसत्या बसल्या. मला असा राग आला म्हणून सांगू! मी तरातरा खाली गेले आणि म्हटलं, "मालक, अक्कांचे कान पावसासाठी थांबणार आहेत का?"

मालक बारीक आवाजात म्हणाले, "बटण तीच लावती ओ ताई. शॉक बसला तर तिलाच बसायचा."

मी वर आले, तांदूळ धुतलेलं पाणी उचललं आणि सरळ नेऊन त्या खड्ड्यात ओतलं. ते समोरच्या विणकराच्या घरातल्या आजींनी पाहिलं. तेलुगू मिसळलेल्या मराठीत त्यांनी मला दहा प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डाळ धुतलेलं पाणी घेऊन हजर! मग काय, गल्लीच लागली. हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायका उष्ट्या-खरकट्याचं, भाजी धुतल्याचं पाणी वाटीवाटीनं आणून ओतायला लागल्या. मालक खड्ड्याशी स्टूल टाकून बसायचे आणि तपासून घ्यायचे. "मिठाचं? ओता, लई चांगलं. तेलकट? ते नको." डाळीच्या पाण्यानं मुंग्यांची जत्रा भरली, पण जमीन ओली झाली. आठवड्याभरात प्लग परत लागला. पाटावर उभी राहून मी "काळीला" म्हटलं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं.

त्या उन्हाळ्यात रोज गाणं झालं. आणि एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, मध्येच वीज गेली. तबकडी थांबली. आम्ही सगळे "अरेरे" म्हणून उठायला लागलो, तर अक्का डोळे मिटून मांडीवर ताल धरतच होत्या. मालकांनी आम्हाला हातानं खाली बसवलं. अक्कांची समेवरची थाप पडेपर्यंत कुणी हललं नाही. त्यांनी डोळे उघडले, आमचे चेहरे पाहिले आणि त्या ओशाळून हसल्या.

दुसऱ्या दिवशी मालक प्लग काढायला निघाले, तेव्हा अक्कांनी त्यांचा हात धरला. "अय्यो, बंद कशाला? माझं ऐकून झालं. गल्लीनं पाणी घातलंय, तिकडं तोंड करा त्या खोक्यांचं."

मालकांनी फ्यूज खिशात टाकला, चपला घातल्या, मला पाटावर चढवलं आणि सुतळीनं मापून ठेवलेली खोकी उचलून रस्त्याकडच्या खिडकीत मांडली. पुढे आमची बदली होईपर्यंत गल्ली रोज संध्याकाळी ओट्यांवर बसून ऐकायची. त्या पहिल्या दिवशी अक्का खोक्यांकडे पाठ करून दारात बसल्या होत्या आणि आम्हा एकेकाचं तोंड निरखत होत्या. आतून मालकांनी ओरडून विचारलं, "येतंय का ओ ऐकू?"

"येतंय!" सगळी गल्ली एका सुरात म्हणाली.

अक्कांनी आमचे ओठ हललेले पाहिले आणि मान वळवून नवऱ्याला सांगितलं, "येतंय म्हणतायत की." मग मालकांनी बटण हळूच आणखी थोडं पुढं सरकवलं.