मळीचा वाफा

कुणी काही फुकट देतो म्हणालं, की मी आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघते. ही सवय माहेरची नाही, खाणावळीने लावलेली आहे. चिंचवड गावठाणाच्या कडेला आमचं घर होतं आणि मागच्या पडवीत कंपन्यांमधली एकटी राहणारी पोरं जेवायला यायची. शिफ्ट सुटली की त्यांना समोर ताट लागायचं, जरा उशीर झाला की कुजबुज सुरू. आमच्या ह्यांच्या पगाराशी या खाणावळीचा काही संबंध नव्हता. ती माझी होती, आणि बंद पडली असती तर मी पुन्हा नुसती कुणाची तरी बायको उरले असते.

बंद पडायची पाळी जळणाने आणली. सत्तरच्या दशकाचे शेवटचे दिवस ते. कोळसेवाला पाणी मारून कोळशाचं वजन वाढवतो, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. रॉकेल आमचा नंबर आला की संपायचं. विजेची शेगडी आणावी तर कपात नेमकी भाकऱ्यांच्या वेळी. सिलिंडरसाठी नाव नोंदवलं होतं, पण तो नातवाच्या मुंजीला मिळेल, असं हे म्हणायचे. हे कारखान्यात टूलरूममध्ये होते. एका रविवारी कुठल्याशा प्रदर्शनातून परतले ते गोबरगॅसचं खूळ घेऊनच. टाकीत शेण आणि पाणी कालवून सोडायचं, वर लोखंडी पिंप पालथं घालायचं. गॅस साठला की पिंप वर चढतं आणि गॅस नळीने थेट शेगडीत येतो. धूर नाही, राख नाही, वाया काही जात नाही.

"यात गोम काय आहे?" मी विचारलं.

"गोम एकच. आपल्याकडे म्हैस नाही."

म्हशी होत्या शेजारच्या दादांकडे. दादांची निम्मी जमीन कारखान्यांत गेली होती. आधी माणसं टेप घेऊन आली, मोजमाप केलं, दादांच्याच घरी चहा प्यायली, आणि मग जमीन गेली. त्यामुळे ह्यांनी टाकीसाठी आमच्याच परसात टेप ताणला, तरी दादा कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"शेन कशापायी पायजे? काय काढताय त्यातनं?"

ह्यांनी समजावलं. गॅस आम्ही घेऊ, टाकीत उरलेलं शेणपाणी, म्हणजे मळी, तुमच्या शेताला परत देऊ, खतच असतं ते. दादा हो म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते हो कुठे दिसेना.

गॅस पेटला तेव्हा मला हसूच फुटलं. इतकी निळी, इतकी शहाणी ज्योत मी पाहिली नव्हती. जेवणारी पोरं पहिल्या दिवशी भाकरी हुंगून बघत होती. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि पहिली भाकरी स्वतः खाल्ली. मग भूक संशयाला भारी पडली.

दादांचं मात्र पोट भरेना. मळी पातळ होती आणि तिला शेणाचा वास नव्हता. वास नाही म्हणजे दम नाही, असा त्यांचा हिशोब. "सत्त्व तुमी काढून घेता वैनी, आन चोथा आमाला," ते एकदा म्हणाले. त्यानंतर आमचं पिंप पहिल्यासारखं वर येईना. ह्यांना थंडीचा दोष वाटला. मी शेणाच्या बादलीत हात घातला तर तळाशी सरळसरळ माती लागली. संतापाने माझे कान तापले. तशीच भरल्या हाताने कुंपणापाशी गेले.

"दादा, हे काय?"

"तुमी चोथा देता, आमी माती देतो," दादा शांतपणे म्हणाले.

भांडून शेण मिळालं नसतं. मी म्हटलं, कुंपणालगत दोन वाफे करू. एकाला तुमचं उकिरड्यातलं शेणखत, दुसऱ्याला आमची मळी, आणि दोन्हींत मेथी. बी मीच चाकणच्या बाजारातून आणलं. पेरताना दादांनी मला वाफ्याला हात लावू दिला नाही, म्हणून पाणी घालायचं काम मी सोडलं नाही. मी गुपचूप युरिया टाकीन अशी त्यांना भीती. ते मळीच्या वाफ्यात मीठ टाकतील अशी मला. दोघंही कामं सोडून कुंपणापाशी घुटमळायचो. हे म्हणायचे, मेथीला तुमच्यामुळे लाज वाटत असेल.

मळीच्या वाफ्यातली मेथी दाट आली, गडद आली. दादांनी एक पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं, चावून पाहिलं आणि घरात गेले. दुसऱ्या दिवसापासून बादलीत चोख शेण आलं. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी पोरांना शिरा केला.

थोड्याच दिवसांनी दादा दारात आले आणि टेप मागितला. टेपचं नाव काढलं की ज्याच्या कपाळाला आठी पडायची, तो माणूस टेप मागतो म्हटल्यावर मी तो दिला, पण कुंपणाकडे लक्ष ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर त्यांच्या गोठ्यामागे खड्डा खणायचं काम चाललं होतं.

"आमीबी टाकी बांधतोय वैनी. शेन आता घरीच लागंल. तुमी दावलंत म्हून, न्हाईतर आमाला काय कळतंय!"

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माझ्याही होतं, पण वेगळ्या कारणाने. त्यांची टाकी पेटली आणि आमचं पिंप खाली बसलं. पडवीत पुन्हा धूर भरला, आणि दोन पोरांनी दुसरीकडे जेवण लावलं.

मग पिंपरीच्या वाटेवर एका गोठेवाल्याकडे गेले. म्हशी भरपूर होत्या. पण दादांकडे दुधाने तोंड पोळलेलं होतं, म्हणून शेणाचा विषय काढायच्या आधीच मी विचारलं, "जमीन आहे का तुम्हाला?"

त्याने धार काढायची थांबवली, उठला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुनी पाठवलं तुमाला? कुठल्या कंपनीच्या?"

मी शेणाचं सांगितलं, गॅसचं सांगितलं. त्याला एक अक्षरही पटलं नाही. शेण न्या म्हणाला, पण तुमच्याकडचं काही परत माझ्या दारात आणू नका, आणि इथे टेप काढायचा नाही.

माझा जीव भांड्यात पडला. हा माणूस जन्मात टाकी बांधणार नव्हता. मी तिथल्या तिथे शेण पक्कं केलं.