माझ्या वजनाचा गूळ

आमच्या घरी कोणीही आलं की चहाचं आधण ठेवायच्या आधी आई गुळाची गोष्ट सांगायची. मी जन्मले तेव्हा इतकी लहान होते की सुईणीने मला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं आणि वडिलांना बजावलं, फार आशा धरू नका. आई गावच्या देवीला नवस बोलली, पोरगी जगली तर पाच वर्षांची झाल्यावर तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. मी जगले. मग आईला दुसरीच काळजी लागली. किडमिडीत पोर तराजूत बसवली तर देवीपुढे हात आखडता घेतल्यासारखं दिसेल! तिने मला भरवायला घेतलं. साय, तूप, केळी, वडिलांच्या ताटातलं, स्वतःच्या ताटातलं. पाचव्या वर्षी कोकणातल्या त्या देवळात मला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात ढेपा चढत गेल्या आणि माझं पारडं काही जमिनीवरून हलेना. "गूळ कमी पडला, गूळ!" इथे आई टाळी वाजवायची. "परत वाण्याकडे माणूस पाठवावा लागला."

मला त्यातलं एवढंच आठवतं की तराजूची साखळी दंडाला रुतत होती आणि सगळे हसत होते.

ही गोष्ट तिने मला बघायला आलेल्या मंडळींनाही सांगितली. एकदा नव्हे, दर वेळी. आम्ही तेव्हा ठाण्यात कोपरीला दोन खोल्यांत राहायचो. ऐंशी सालाच्या आसपासचे ते दिवस. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचे, मुलाची आई माझ्याकडे बघायची, मग पोह्यांकडे बघायची, आणि नेमकी तेव्हाच आमच्या मातोश्री देवळात पोचलेल्या असायच्या. लग्न न जमण्याचा सगळा दोष मी गुळावर ढकलणार नाही. माझी जीभही काही कमी नव्हती. पण आत जाऊन मी आईवर चिडायचे, आणि तिला खरोखरच कळायचं नाही की मी कशावर चिडलेय. तिच्या लेखी त्याहून चांगलं माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच.

वडील गेल्यावर आम्ही दोघी डोंबिवलीला आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनियर लोकांनी पेन्सिलीने काढलेली यंत्रांची चित्रं ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायची, दिवसभर मान खाली घालून. जेवणाच्या सुट्टीत इतर बायका एकत्र बसून नवऱ्यांची आणि सासवांची गाऱ्हाणी सांगायच्या. माझ्याकडे गाऱ्हाणं करण्याजोगं माणूसच नव्हतं, म्हणून मी आपली टेबलाशीच जेवायचे. आईने दिलेल्या सगळ्या पोळ्या संपवायचे, कारण एक जरी परत नेली तरी तिचा चेहरा उतरायचा.

घरी आमचं फारसं बोलणं नसे. रात्री ती म्हणायची, "अजून एक घे." मी म्हणायचे, "नको." ती वाढायचीच. अख्ख्या दिवसात माझ्यासाठी कोणी हट्ट धरायचं ते तेवढंच. एकटं वाटायचं का? फार वाटायचं. रविवारी संध्याकाळी खाली खेळणारी मुलं आपापल्या घरी गेली की उगाचच रडू यायचं, आणि मग मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायचे.

चाळिशी आली आणि जिना चढताना छातीत दाटायला लागलं. पित्त असेल म्हणून मी कोकमाचं सार पीत राहिले. एकदा दळण घेऊन चढत होते, तर दुसऱ्या मजल्यावर डावा हात असा भरून आला की पिठाचा डबा पायरीवर टेकवून तिथेच बसले. समोरच्या दाराआड टीव्ही चालू होता. दार वाजवावं असं मनात आलं, पण ज्यांच्याशी कधी दोन शब्द बोलले नाही त्यांना काय सांगायचं? दम परत आल्यावर मी डबा उचलला आणि घरी गेले.

आईने माझा चेहरा बघितला आणि दुसऱ्याच दिवशी मला ठाण्याला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. पिशवीत डबा होताच, मला भूक लागली तर म्हणून. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी कार्डिओग्राम काढला, फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. ब्लड प्रेशर चढलेलं निघालं, हृदयाला रक्तही पुरेसं पोचत नव्हतं. घरात कोणाला असा त्रास नाही, व्यसन नाही, वय एवढं कमी. कागद बाजूला ठेवून त्यांनी आईला विचारलं, "जन्मल्या तेव्हा कशा होत्या ह्या? वजन वगैरे?"

आई खुर्चीत सावरून बसली. असा ऐकणारा तिला जन्मात मिळाला नव्हता. "वजन कोण करतंय त्या वेळी? पण अगदी एवढीशी हो. मला दिवस गेलेले तेव्हा सासूबाई अर्धपोटीच ठेवायच्या. बाळ मोठं झालं तर सुटका अवघड होते, म्हणायच्या. आमच्याकडे पद्धतच होती तशी." मग कापूस, सूप, साय, तूप, देऊळ, ढेपा. आणि शेवटी टाळी.

डॉक्टर हसले नाहीत. "मावशी," ते म्हणाले, "हल्ली ह्याबद्दल बरंच कळायला लागलंय. पोटात असताना बाळाला कमी मिळालं की त्याचं शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. हृदय, रक्तवाहिन्या, सगळ्याची घडणच तशी होते. नंतर त्याच्यावर भराभर वजन चढवलं की पुढे मोठेपणी तो भार हृदयाला सोसावा लागतो. सगळ्यांचंच असं होतं असं नाही. ह्यांचं त्यामुळेच झालं, असंही छातीठोक सांगता येणार नाही. आणि तुमची चूक तर मुळीच नाही. तेव्हा कोणाला माहीत होतं?"

शेवटचं वाक्य आईपर्यंत पोचलं नाही. तिचे हात टाळी वाजवून झाल्यावर जसे होते तसेच मांडीवर पडून राहिले. मला त्या डॉक्टरचा भयंकर राग आला. माणूस खरं बोलला होता, समजुतीने बोलला होता, तरीही आला. आयुष्यात मिरवावं असं तिच्याकडे एवढं एकच होतं.

त्यानंतर आई "अजून एक घे" म्हणेनाशी झाली. दोन सुके फुलके, अळणी भाजी ताटात वाढून ती आत निघून जायची. मला जेवताना बघणं तिला सोसत नसावं. शेजारच्या बाई नव्या सुनेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ती तराजूची गंमत सांगा ना हिला." आई म्हणाली, "कसली गंमत? चहा घ्या." इकडे गोळ्या लागू पडल्या, माझं वजन उतरलं, जिना सोपा झाला. कारखान्यात सगळे म्हणाले, छान दिसतेस हं! घरात मात्र घड्याळाच्या टिकटिकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आणि मग एकदा पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी उभ्याने जेवत होती. ताटलीत चतकोर फुलका, बाकी काही नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. माझं लक्ष कुठे होतं इतके दिवस? मी घाबरले. जिन्यात बसले होते तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते. ही गेली तर मला कोणीच नाही.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, माझ्या शेजारी बसवलं, तिचं ताट मांडलं.

"आई, अजून एक घे म्हण."

"अगं, पण डॉक्टरांनी..."

"तू नुसतं म्हण. मी नको म्हणेन."

तिने फुलक्यांच्या डब्याचं झाकण काढलं. मग अगदी हळू म्हणाली, "घे गं अजून एक."

"नको."

सवयीने तिचा हात डब्यात गेलाच. फुलका उचलला आणि माझ्या ताटाशी येऊन थांबला. तो मी तिच्या हातातून काढून घेतला आणि तिच्या ताटात वाढला.

"मला नको गं," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. वर तूपही घातलं.

ती खाऊ लागली. अर्धा फुलका संपल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी खरंच कमी पडला होता गूळ."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, परत वाण्याकडे माणूस पाठवावा लागला."

टाळी मात्र तिने वाजवली नाही.