कुयरीचं लेबल

"पण पावसात काय?" असं म्हणत ती माझ्या छापखान्यात शिरायची आणि टेबलावर नवी बरणी ठेवायची. आत काय आहे ते मी ओळखायचं आणि मग लेबल छापायचं, असा आमचा व्यवहार. साऱ्या आळीची ती वहिनी, म्हणून माझीही.

पावस गावाच्या रस्त्यावर तिची आंब्याचा रस डबाबंद करायची शेड होती. एप्रिल-मेमध्ये वाडीतल्या बायका तिथे हसत-भांडत काम करायच्या. जूनमध्ये शेडला कुलूप लागलं की त्यातल्या कितीतरी जणी लोकांची भांडी घासायला मुंबईची गाडी धरायच्या. त्यांच्यातली सुमन म्हणजे वहिनीचा उजवा हात. तिला स्टेशनवर सोडून आल्यावर वहिनी दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही. बारा महिने शेड चालवायची आणि सुमनला इथेच ठेवायचं, हा तिचा ध्यास.

त्यापायी तिने काय काय केलं म्हणता! कोकम सरबत, आवळा कँडी, नाचणीचे पापड, करवंदाचं लोणचं, शेवटी उटणंसुद्धा. तिच्या प्रयोगांवर माझा छापखाना बऱ्यापैकी चालला, ते कशाला लपवू? पण रत्नागिरीत कोकम आणि पापड विकत कोण घेणार? उरलेल्या बरण्या आमच्याकडे भेट म्हणून यायच्या आणि नको म्हणायची सोय नव्हती. उटणं तर आम्हाला दोन दिवाळ्या पुरलं.

एका वर्षी मार्चमध्येच सुमनने सांगून टाकलं, की यंदा मुंबईला गेले की परत येणार नाही, तिथे बाराही महिने काम आहे. त्याच आठवड्यात वहिनी आमच्या घरी आली. माझी बायको कुयरी, म्हणजे कोवळा फणस, चिरत बसली होती. कोपरापर्यंत तेल, विळीला चीक, केसांना चीक, आणि फणस आणल्याबद्दल माझा उद्धार चालू. वहिनी पाट ओढून तिच्यासमोर बसली.

"आयती चिरलेली मिळाली तर घेशील गो?"

"श्रावणात मिळाली तर दुप्पट घेईन. मासे बंद, रोज काय कडधान्यच खायचं?"

वहिनी चहासुद्धा न घेता उठली.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. बाकीची सगळी लेबलं बंद, आता फक्त कुयरी. चिरून, उकळत्या पाण्यातून काढून, गोठवून श्रावणात विकायची. एकाच वस्तूवर एवढा भार टाकू नका, असं मी माझ्या परीने समजावलं.

"धा वस्तू करून बघितल्या, भाऊ. म्हणून तर आता एक कळली."

त्या उन्हाळ्यात आजूबाजूला सगळीकडे आंबा आणि हिच्या शेडमध्ये फणस. लोक हसले, मीही हसलो. मासळीवाले त्यांच्या शीतगृहात जागा द्यायला तयार होते, पण श्रावणातल्या भाजीला बांगड्याचा वास कसा चालणार? तिने कर्ज काढून मोठे फ्रीझर घेतले, आणि वादळात लाइट जायला लागली तसा जनरेटरही आणला. गणपतीपर्यंत थांबते, एवढंच सुमन म्हणाली होती.

श्रावण लागला आणि बाजारात ठेवलेली पाकिटं दुपारपर्यंत संपली. मग मुंबईहून फोन, पुण्याहून फोन. गणपतीला आलेले चाकरमानी पिशव्या भरभरून घेऊन गेले. मी छत्री घेऊन मुद्दाम शेड बघायला गेलो. बाहेर धो-धो पाऊस, आत सगळे दिवे लागलेले आणि पाकिटं भरणाऱ्या बायकांचा नुसता कलकलाट. वहिनी मधोमध उभी राहून सगळ्यांना ओरडत होती आणि डोळे पुसत होती. मलाही भरून आलं. आमची वहिनी जिंकली होती.

हल्ली ती दिसत नाही. सावर्ड्याच्या बायकांना काजूची शेड घालायची आहे, म्हणून तिकडेच मुक्काम असतो. माझ्या टेबलासमोर आता सुमन बसते. परवा तिने नव्या लेबलातली माझी चूक काढली, अक्षर मोठं करायला लावलं आणि ऑर्डर देऊन उठली. मुंबईची आठवण येते का, म्हणून मी सहज विचारलं.

"मुंबईला आता फणस जातो, भाऊ," ती म्हणाली. "मी कशाला जाऊ?"