भलताच झोपा

कडीमावशींचा जबडा दोनदा मोडलेला होता. पहिल्यांदा लग्नानंतर चौथ्या महिन्यात, भात करपला म्हणून. दुसऱ्यांदा, शेजारणीशी हसून बोलल्या म्हणून. दोन्ही वेळा नवऱ्याने लाटणंच वापरलं होतं. हाड वाकडं जुळल्यामुळे बोलताना त्यांचं तोंड डावीकडे सरकायचं आणि 'स' म्हणताना बारीक शीळ वाजायची. फुकटची शिट्टी मिळाली, असं त्या स्वतःच म्हणायच्या. उजव्या दंडावर इस्त्रीचा तिकोनी डाग होता, तो झाकत नसत. नवी आलेली एखादी बाई रडत बसली की मावशी बाही वर सारून तिच्यासमोर नुसत्या बसायच्या.

निवारा म्हणजे नवऱ्याच्या मारातून पळालेल्या बायकांना लपवून ठेवणारं घर. टायर दुरुस्तीच्या कारखान्यामागे तीन मजल्यांची इमारत, दारावर पाटी नाही. मावशीही तिथे अशाच आल्या होत्या, एका पायात चप्पल आणि तोंडाला रक्ताने भिजलेला टॉवेल. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर आधी टायपिंग शिकल्या, मग तो उघडून दुरुस्त करायला शिकल्या. बावीस वर्षांत संस्थेची सगळी यंत्रं त्यांच्या हाती आली. खालच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक बाईची नोंद होती. कोणाला पुढे कुठे पाठवलं, मुलं कोणत्या शाळेत घातली, सगळं त्यात. त्या यंत्राला मावशी 'पोटातली गोष्ट' म्हणत.

कडीमावशी हे नाव बायकांनी ठेवलेलं. संगणकाचं सुरक्षा अपडेट आलं की मावशी मजल्यामजल्यावर ओरडत जायच्या, "नवी कडी आली, दारं मिटा." त्यांचं म्हणणं असं की, यंत्र बनवणाऱ्याला आपल्याच दारातली एखादी कमजोर कडी सापडते, तेव्हा तो नवी पाठवतो. पण पाठवताना जुनी कुठे कमजोर होती हे जगजाहीर होतं. म्हणजे त्या दिवसापासून चोरालाही पत्ता कळलेला असतो. दिवस मोजायचे ते तिथून. सर्व्हरला कडी ज्या दिवशी यायची त्याच संध्याकाळी त्या लावत. सगळ्यांची कामं अडत, बायका कुरकुरत, संचालिकाबाई एकदा म्हणाल्या की मावशी तुमच्या कडीपायी अहवाल राहिला. मावशी म्हणाल्या, अहवाल उद्या लिहिता येतो, मेलेली बाई उद्या उठत नाही.

माझी मुलगी तिथे पोचली तेव्हा तिच्या चार बरगड्या मोडलेल्या होत्या आणि कपाळावरचे केस मुठीने उपटलेले होते. तिची पाच वर्षांची मुलगी, माझी नात, पलंगाखालून सगळं बघत होती. जावयाचं संगणक दुरुस्तीचं दुकान. सासूला, म्हणजे मला, घरचा संगणक त्यानेच भेट दिलेला आणि मी तो चार लोकांना कौतुकाने दाखवलेला. पाहुण्यांत तो मला वाकून नमस्कार करायचा. घरी जाऊन माझ्या मुलीचं डोकं भिंतीवर आपटायचा. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली मी, मला सहा वर्षं काही दिसलं नाही.

तिसऱ्याच दिवशी मावशी माझ्या घरी आल्या. लेक लपवायची तर आधी आईचं दार तपासावं लागतं, म्हणाल्या. त्यांनी माझा संगणक पुसून कोरा केला, सगळं नव्याने भरलं, पासवर्ड बदलले. मग मला शिकवलं. कडी आपोआप घरात येते, पण दाराला बसत नाही. दार एकदा मिटून उघडलं तरच बसते. मी गोंधळले असणार, कारण त्यांनी निवाऱ्यातल्या आयांना सांगतात तसं सोपं करून सांगितलं, "ताई, पोरासारखं करा. रोज रात्री झोपवायचं, सकाळी उठवायचं."

मी ते अक्षरशः पाळलं. रोज रात्री कोपऱ्यातल्या यादीतून चंद्रकोरीचं बटण निवडायचं. त्यावर लिहिलेलंच असतं, झोप. पडदा काळा व्हायचा, सकाळी कळ दाबली की जागा. वर एक चौकट यायची, पुन्हा सुरू करा की नंतर. रोज झोपवते तर आहे, मग हे वेगळं काय, असं म्हणून मी 'नंतर' दाबायची. बेचाळीस दिवस दाबलं.

या दिवसांत मुलीच्या फुफ्फुसात पाणी झालं. तिला बाहेर आणता येईना, म्हणून मावशींनी मला निवाऱ्यात यायची परवानगी दिली. पत्ता फोनवर सांगितला नाही. बाजारात भेटून कानात सांगितला आणि कुठे लिहायचा नाही अशी शपथ घातली. मी नाहीच लिहिला. फक्त बस कुठे थांबते ते कळेना, म्हणून सोमवारी घरी संगणकावर नकाशा उघडून घरापासून त्या इमारतीपर्यंतचा रस्ता बघितला. मंगळवारी जाऊन मुलीच्या उशाशी बसून आले.

बुधवारी सकाळी अकराला मावशींचा फोन आला. आवाजात शीळ जास्त होती. पंधरा दिवस कोणीतरी त्यांच्या सर्व्हरवर चाचपडत होतं. दोनशेच्या वर वेळा, आणि दरवेळी गेल्या महिन्यात बदललेल्या त्याच एका कडीपाशी. तिथे नवी बसलेली, त्यामुळे आत शिरता आलं नव्हतं. पण कालपासून ते चाचपडणं एकदम थांबलं होतं. थकला असेल, असं मी म्हणाले. मावशी म्हणाल्या, असले थकत नाहीत, त्यांना दुसरं दार सापडतं. मग त्यांनी मला यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते दाखवणारा आकडा कुठे असतो ते सांगितलं आणि वाचायला लावलं.

"बेचाळीस दिवस," मी वाचलं.

"ताई, रोज झोपवायला सांगितलं होतं."

"रोज झोपवते, मावशी. एक दिवस चुकले नाही."

"म्हणजे चंद्रकोर? त्याने दार मिटत नाही, ताई." मग त्यांनी विचारलं की मधे ईमेलवर आलेला कोणाचा कागद उघडला होता का. उघडला होता, गच्ची दुरुस्तीची सूचना म्हणून आलेला, आत काहीच नव्हतं. नवी कडी बसलेली असती तर त्या कागदातून काही झालं नसतं, हे मला नंतर कळलं. तो कागद जावयानेच पाठवलेला, आणि तेव्हापासून माझा पडदा तो त्याच्या दुकानात बसून बघत होता.

"सोमवारी काय बघितलंत त्यावर?"

"नकाशा," मी म्हणाले.

मावशींनी फोन सर्व्हरच्या टेबलावर टाकला, बंद केला नाही. मी सगळं ऐकलं. त्या स्वयंपाकीणबाईला सांगत होत्या की दोघींना मागच्या जिन्याने काढ, कपड्यांच्या गाडीत बसव, सामान घेऊ नको. जिन्यावर पावलं. नात विचारत होती की बाहुली कुठे आहे. मग बराच वेळ काही नाही. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि फाटक पडलं.

"माझी बायको कुठंय?" जावयाचा आवाज. पाहुण्यांत बोलायचा तसाच, हळू.

"इथं कोणी कोणाची नसते," मावशी म्हणाल्या.

पहिला फटका मी ओळखला. गादीवर काठी मारल्यासारखा येतो. माझ्या मुलीने वर्णन केलं होतं. मावशी पडल्या असाव्यात, खुर्ची कोसळली. तो वर गेला. दारं फोडल्याचे आवाज, बायकांच्या किंकाळ्या, काचा. तो परत खाली आला तो रिकाम्या हातांनी, म्हणून जास्तच पिसाळलेला. कुठे पाठवलं ते या यंत्रात असणार, उघड, असं तो म्हणत होता. मावशी नाही म्हणाल्या. नंतर कळलं, त्याने त्यांचा डावा हात टेबलावर दाबून धरला आणि फाटक फोडलेल्या गजानेच एकेक बोट ठेचायला घेतलं. प्रत्येक बोटाआधी पासवर्ड विचारायचा. मी इकडे फोनमध्ये ओरडत होते, सांगून टाका, मावशी, सांगून टाका. खरंच, माझ्याच मुलीचा पत्ता, आणि मी सांगा म्हणत होते. इतका तो आवाज वाईट होता.

तिसऱ्या बोटानंतर मावशी बोलल्या. तोंडात रक्त असल्यामुळे शब्द चिकटत होते.

"माझा नवरा याच्यापेक्षा जोरात मारायचा."

मग त्याने गज त्यांच्या तोंडावर मारला, आणि मग सर्व्हरवर. पत्र्याची पेटी फुटल्याचा आवाज मी ऐकला, ठिणग्यांसारखं काहीतरी चरचरलं. तेवढ्यात टायरच्या कारखान्यातले दोघे पहारी घेऊन आत शिरले. पुढचं ऐकताना मला बरं वाटलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकून बरं वाटावं, अशी मी नव्हते. त्या दिवशी झाले.

जावई तुरुंगात आहे, एक पाय ओढत चालतो. त्याचे दोन भाऊ बाहेर आहेत आणि दुकान चालू आहे.

दवाखान्यात मावशींना भेटले तेव्हा जबडा तिसऱ्यांदा मोडलेला, आता तारेने बांधलेला होता. डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर त्यांनी उजव्या हाताने माझा कान पिळला, लहान मुलीचा पिळावा तसा. दातांमधून एकेक शब्द काढत म्हणाल्या, "बैल गेला आणि झोपा केला, ऐकलं होतं. तुम्ही बैल दावणीला असतानाच झोपा केलात. पण भलताच."

गोठ्याच्या दाराला झोपा म्हणतात, हे मला त्या तारा बांधलेल्या तोंडाकडे बघताना आठवलं. मी हसले आणि मग आवरेना, परिचारिकेने मला बाहेर काढलं. परत गेले तेव्हा म्हणाले की चूक माझी. मावशींनी नाही अशी मान हलवली. 'झोपवा' हा शब्द त्यांचा होता, म्हणाल्या. बावीस वर्षं यंत्रांत घालवून झोप आणि बंद यातला फरक त्या स्वतः विसरल्या, आयांना गोड वाटावं म्हणून. घरी आल्यावर त्यांनी निवाऱ्याच्या भिंतीवरचा सूचनेचा कागद एका हाताने फाडला आणि नवा लावला. त्यात पोर नाही, झोपवणं नाही. कडी आली त्याच दिवशी 'पुन्हा सुरू करा' दाबा, एवढंच.

नवा सर्व्हर आला. जुन्यातल्या नोंदींची प्रत मावशींनी वेगळ्या जागी ठेवलेली होती, त्यामुळे एकही बाई हरवली नाही. आता त्या उजव्या हाताने टायपिंग करतात आणि डाव्या तळव्याने कागद दाबून धरतात.

माझी मुलगी आणि नात कुठे आहेत ते मला माहीत नाही. मावशींनी सांगितलं नाही, आणि मीही विचारत नाही. आईला पत्ता ठाऊक असला की आईचं यंत्रही दार होतं. दर बुधवारी त्यांचा फोन येतो. आधी मी आकडा वाचून दाखवायचा. मग त्या एक वाक्य सांगतात. दोघी बऱ्या आहेत. किंवा, पाणी निघालं छातीतलं. किंवा, नोकरी लागली. एकच वाक्य. त्यावर मी सात दिवस काढते, रात्री उठून खिडक्यांच्या कड्या बघते, आणि मग यंत्राच्या.

गेल्या बुधवारी मी आकडा वाचला, "पाच दिवस, मावशी."

"परवा नवी आली."

माझ्या अंगात ताप होता, पडून होते. ते मी सांगितलं नाही.

"आधी ती लावा," मावशी म्हणाल्या. "मी थांबते."

मी 'पुन्हा सुरू करा' दाबलं. पडदा निळा झाला, गोल फिरायला लागलं, टक्के चढायला लागले. मी ते मोठ्याने वाचत होते. बारा. एकोणतीस. एकोणतीसवर इतका वेळ अडलं की मला वाटलं आता काही खरं नाही. पलीकडे तीच शीळ, श्वासाबरोबर आत-बाहेर. एक्क्याण्णव. शंभर. यंत्र उठलं. मी आकडा वाचला, शून्य दिवस, एक मिनिट.

"नात पोहायला शिकली," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.